माशाच्या अंगावर वाढणारं शिंपल्याचं बाळ

लग्नसराईत सराफाकडे नथ बघताना आपण मोत्याचं पाणी बघतो, गोलाई बघतो, भाव विचारतो. हा मोती आला कुठून, ते विचारायचं राहून जातं. बसऱ्याच्या मोत्यांचा जमाना गेला. आज दुकानांत मिळतात ते बहुतेक कल्चर मोती. त्यातले स्वस्तातले, तांदळाच्या दाण्यासारखे लांबट किंवा किंचित वेडेवाकडे मोती चीनमधल्या तळ्यांत पाळलेल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यांत तयार होतात. महागातला गोल जपानी मोती समुद्रातल्या शिंपल्याचा असतो खरा, पण त्याच्या पोटात एक मणी असतो आणि त्या मण्यावर मोत्याचे थर चढतात. तो मणी कित्येक दशकं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यात सापडणाऱ्या शिंपल्यांच्या जाड कवचातून कापून घेतला जायचा. मोती समुद्राचा, पण त्याचा गाभा नदीचा.

गोड्या पाण्यातले हे शिंपले जगातून फार झपाट्याने नाहीसे होत आहेत. वाघ, गिधाडं, माळढोक यांच्याविषयी आपण वाचतो, हळहळतो. नदीच्या तळाशी वाळूत अर्धा रुतून बसलेल्या या प्राण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि त्याला वाचवायचं काम इतकं गुंतागुंतीचं आहे, की ते समजून घ्यायला आधी त्याचा जन्म कसा होतो ते समजून घ्यावं लागतं. मला तरी निसर्गातल्या सगळ्यात विलक्षण गोष्टींपैकी ती एक वाटते.

माझ्या आजीच्या फडताळात एक शिंपला असायचा. मधोमध दगडावर घासून भोक पाडलेलं. त्या भोकाच्या धारेने ती कैरीची साल काढायची, बोटाला न लागता, कागदासारखी पातळ. पाठीवरून बोट फिरवलं की बारीक कंगोरे लागायचे, एकात एक बसलेल्या कमानींसारखे. झाडाच्या खोडात असतात तशा या शिंपल्याच्या वाढीच्या रेषा. थंड देशांत हिवाळ्यात वाढ थांबते, त्यामुळे तिथल्या शिंपल्यावर या रेषा मोजून त्याचं वय काढता येतं. ते वय बघून माणूस चक्रावून जातो. युरोपात मोत्याचा शिंपला म्हणून ओळखली जाणारी एक जात आहे. उत्तरेकडच्या थंडगार नद्यांत ती शंभर वर्षांहून जास्त जगते. आपल्या पणजोबांच्या काळात जन्मलेला शिंपला आजही त्याच दगडाशेजारी बसलेला असू शकतो.

बसून तो करतो काय? पाणी गाळतो. शरीराच्या एका बाजूने पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ, जिवाणू, कुजलेले कण खातो आणि स्वच्छ पाणी दुसऱ्या बाजूने सोडतो. एक मोठा शिंपला दिवसाला 50 लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो. नदीच्या एका वळणावर असे हजार शिंपले असतील, तर रोजचं पाणी झालं दहा हजार लिटरचे पाच टँकर. वीज नको, पंप नको, माणूस नको. पोलंडमध्ये तर काही शहरांच्या पाणीपुरवठ्यावर शिंपल्यांचा पहारा आहे. नदीतून येणाऱ्या पाण्यात काही शिंपले ठेवलेले असतात आणि त्यांच्या कवचाला संवेदक जोडलेले असतात. पाण्यात काही विषारी आलं की शिंपले झटकन कवच मिटून घेतात. अनेक शिंपले एकदम मिटले, की इशारा जातो.

आता त्या जन्माकडे वळू. कोकणातल्या तिसऱ्या किंवा कालवं यांचं सोपं असतं. ती अंडी आणि बीज समुद्रात सोडतात, पिल्लं लाटांवर तरंगतात, वाऱ्यापाण्याने कुठेतरी जातात आणि जागा मिळेल तिथे बसतात. नदीत हे चालत नाही. नदी एकाच दिशेने वाहते. तरंगणारं पिल्लू प्रवाहाबरोबर खाली जाईल, त्याचं पिल्लू आणखी खाली, आणि काही पिढ्यांत सगळा वंश समुद्राच्या खाऱ्या पाण्यात जाऊन संपेल. वर चढून जाणारं काहीतरी हवं. नदीत उलट पोहत जाणारा असतो मासा. म्हणून या शिंपल्यांनी आपली पिल्लं माशाच्या अंगावर चढवायची सवय लावून घेतली.

मादी तिच्या कल्ल्यांत अंडी सांभाळते. त्यांतून निघालेल्या अळ्या म्हणजे इवलेसे शिंपलेच, दोन झडपांचे, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. यांना ग्लोकिडिया म्हणतात. एक मादी हजारांनी, काही जातींत लाखांनी अशा अळ्या सोडते. त्यांना पोहता येत नाही. जवळून मासा गेला आणि त्याच्या कल्ल्याला किंवा परांना स्पर्श झाला, तर झडप मिटायची आणि घट्ट धरून राहायचं, एवढंच त्यांच्या हाती. पकडलं की माशाची त्वचा तिच्याभोवती वाढून एक बारीक फोड तयार होते. त्या फोडीत अळीचं शिंपल्यात रूपांतर होतं. काही आठवड्यांनी, काही जातींत काही महिन्यांनी, ती गळून तळाशी पडते. माशाला सहसा फारसा त्रास होत नाही.

पण कुठलाही मासा चालत नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे. काही शिंपल्यांना अनेक जातींचे मासे चालतात, काहींना दोनचार, काहींना फक्त एक. चुकीच्या माशावर बसलेली अळी त्या माशाच्या प्रतिकारशक्तीपुढे टिकत नाही, गळून मरते. मग योग्य मासा आपल्यापर्यंत यावा यासाठी या प्राण्यांनी जे केलंय ते बघण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या एका गटातल्या मादीच्या कवचाबाहेर मांसाची एक झालर येते. त्या झालरीला माशासारखं शरीर असतं, कडेने काळी रेघ असते, पुढे डोळ्यासारखा ठिपका असतो, मागे शेपटी असते. मादी ती झालर लयीत हलवते. पाण्यातून पाहिलं तर वाटतं, एक चिमुकला मासा जागच्या जागी पोहतोय. बास नावाचा मोठा मासा त्याला खायला झडप घालतो आणि त्याच्या तोंडात अळ्यांचा फवारा उडतो, थेट कल्ल्यांवर. शिंपल्याला आपल्यासारखे डोळे नाहीत. त्याने आयुष्यात मासा कधी पाहिलेला नाही, तरी त्याच्या अंगावर माशाचं चित्र आहे. आणखी एका जातीत मादी अळ्या एका लांबलचक चिकट दोरीच्या टोकाला बांधते. एक मीटरहून लांब ती दोरी प्रवाहात हेलकावते आणि टोकाला दोन छोटे मासे पोहत असल्यासारखं दिसतं. गळ टाकून बसावं तसं. स्नफबॉक्स नावाचा शिंपला तर माशाला सरळ पकडतोच. लॉगपर्च हा छोटा मासा खाणं शोधताना नाकाने दगड उलथत फिरतो. त्याने या मादीला डिवचलं की ती कवच मिटून त्याचं डोकंच धरते, अळ्या त्याच्या कल्ल्यांत सोडते आणि मग त्याला सोडून देते. लॉगपर्चची कवटी टणक असते, तो वाचतो. दुसरा नाजूक मासा सापडला तर मरू शकतो.

हे एकदा ध्यानात आलं की संवर्धनाचं मूळ कोडं उलगडतं. शिंपला वाचवायचा म्हणजे त्याचा मासा वाचवायचा, आणि त्या दोघांची भेट होईल अशी नदी राखायची. भेट तुटली की शिंपला मरत नाही. तो जगत राहतो, म्हातारा होतो, निपुत्रिक राहतो.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मिसिसिपीवरच घडलं. जॉन बोपल नावाचा एक जर्मन बटण कारागीर अमेरिकेत आला. परदेशी बटणांवर तिथे जबर आयातकर लागला होता, आणि नदीत शिंपले खच्चून भरलेले होते. 1891 च्या सुमारास त्याने आयोवा राज्यातल्या मस्कटीन गावी शिंपल्यांची बटणं कापायला सुरुवात केली. पाहता पाहता गावच बटणांचं झालं. नदीकाठी भट्ट्यांवर शिंपले उकळायचे, मांस काढायचं, आणि गोल करवतीने कवचातून चकत्या कापायच्या. 1905 मध्ये एकट्या मस्कटीनने वर्षाला 150 कोटी बटणं काढली. कापून उरलेले भोकाभोकांचे शिंपले आजही त्या काठांवर सापडतात. बोपलचा शेवटही शिंपल्यानेच झाला. नदीत चालताना त्याचा पाय शिंपल्यावर कापला, जखम चिघळली आणि 1912 मध्ये तो वारला.

बटणांसाठी एबनीशेल नावाच्या शिंपल्याला फार मागणी होती. बाहेरून काळा, आतून शुभ्र. त्याचा मासा एकच, स्किपजॅक हेरिंग. हा मासा दरवर्षी मिसिसिपीच्या खालच्या भागातून वर चढून यायचा. 1913 मध्ये मस्कटीनच्या खालच्या अंगाला, कीओकक इथे, नदीवर मोठं धरण उभं राहिलं. हेरिंग खालीच अडकला. धरणाच्या वर असलेल्या एबनीशेलना कुणी हात लावला नसता, तरी त्यांचं बाळ पुन्हा जन्मणार नव्हतं. पुढची कित्येक दशकं तिथे तुरळक म्हातारे शिंपले सापडत राहिले. आपल्या पुराणांत चिरंजीव होण्याचा शाप आहे ना, मला या शिंपल्यांविषयी वाचताना तोच आठवतो.

धरणांनी इतरही बरंच केलं. अलाबामात टेनेसी नदीवर मसल शोल्स नावाचा उथळ, खडकाळ पट्टा होता. तिथे शिंपल्यांच्या सुमारे 70 जाती नोंदलेल्या होत्या. 1924 मध्ये विल्सन धरण पूर्ण झालं आणि तो पट्टा बराचसा पाण्याखाली गेला. वाहत्या पाण्याचे शिंपले साचलेल्या पाण्यात, गाळाखाली गुदमरतात. धरणाच्या खालीसुद्धा सुख नाही, कारण तळातून सोडलेलं पाणी इतकं गार असतं की अनेक शिंपल्यांचं प्रजनन थांबतं. 1988 मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्स या सरोवरांच्या परिसरात झेब्रा शिंपला सापडला. मालवाहू जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून तो काळ्या समुद्राच्या बाजूने आला होता. त्याच्या पिल्लांना मासा लागत नाही, ती तरंगतच पसरतात. हा नखाएवढा परका शिंपला शेकड्यांनी, हजारांनी स्थानिक शिंपल्याच्या पाठीवर चिकटतो, इतका की आतल्या प्राण्याला कवच उघडणंही जड जातं. व्हर्जिनियातली क्लिंच नदी आजही 40 हून अधिक जातींचं घर आहे. तिच्या काठी 1998 मध्ये एक टँकर उलटला, रबराच्या कारखान्यात लागणारं रसायन पाण्यात गेलं आणि हजारो शिंपले मेले. 2016 पासून त्याच नदीत एका जातीचे शिंपले दरवर्षी मोठ्या संख्येने मरू लागले. त्या आजारात शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला आहे.

हिशेब मांडायचा तर जगात या गटाच्या सुमारे 900 हून अधिक जाती आहेत, त्यातल्या 300 एकट्या उत्तर अमेरिकेत. त्या 300 पैकी सुमारे 30 कायमच्या गेल्या आणि उरलेल्यांपैकी बहुतेक धोक्यात आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेने 21 प्राण्यांची नावं संकटग्रस्त यादीतून काढली, कारण ते नामशेष झाले होते. त्यातले 8 शिंपले होते. इंग्लंडमध्ये थेम्सच्या एका टप्प्यावर 1964 मध्ये शिंपले मोजले होते. सुमारे 60 वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजणी केली तर संख्या जवळपास 95 टक्क्यांनी घटलेली निघाली.

युरोपातल्या मोत्याच्या शिंपल्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याचे मासे म्हणजे सॅमन आणि ट्राउट. स्कॉटलंडमध्ये मोत्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या त्याला फोडलं गेलं, 1998 मध्ये पूर्ण बंदी आली. पण बंदीने म्हातारे वाचले, बाळं नाही आली. कारण माशावरून गळून पडलेलं बाळ पहिली पाच वर्षं तळाच्या खडीत गाडून घेतं. खडीच्या फटींतून स्वच्छ, प्राणवायू असलेलं पाणी वाहत राहायला हवं. काठच्या शेतातून माती वाहून आली, खतं उतरली, शेवाळ माजलं, की त्या फटी बुजतात आणि बाळ गुदमरतं. वरून नदी छान दिसते, तळाशी मोठे शिंपलेही दिसतात. मात्र सगळे सत्तर-ऐंशी वर्षांचे. लहान मुलं नसलेल्या गावासारखी नदी. युरोपातल्या बहुतेक नद्यांत या जातीची आज हीच स्थिती आहे.

मग करतात काय? पाणबुडे नदीत उतरून गर्भार मादी शोधतात. एका चिमट्याने कवच हलकेच, काही मिलिमीटर फाकवतात. फुगलेले कल्ले दिसले की मादी ठेवून घ्यायची. सुईने पाण्याची बारीक धार सोडून अळ्या धुऊन काढतात. त्या जिवंत आणि तयार आहेत का, हे बघायची युक्ती साधी आहे. काचेच्या बशीत थोड्या अळ्या घेऊन मिठाचा कण टाकायचा. सूक्ष्मदर्शकाखाली झडपा पटापट मिटल्या, तर माल चांगला. मग हवा सोडलेल्या बादलीत अळ्या आणि योग्य जातीचे मासे एकत्र ठेवायचे, आणि नंतर ते मासे टाकीत पाळायचे. काही आठवड्यांनी टाकीचा तळ नळीने उपसून बारीक जाळीतून गाळला, की जाळीवर वाळूच्या कणांसारखे शिंपले उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाचा इवला पाय चाचपडत असतो.

योग्य मासा कोणता हेच माहीत नसेल, तर सगळं तिथेच अडतं. स्पेक्टॅकलकेस नावाच्या शिंपल्यासाठी डझनावारी जातींचे मासे तपासण्यात वर्षं गेली, तेव्हा कुठे मूनआय आणि गोल्डआय हे मासे निघाले. मधल्या काळात काही जाती माशाशिवाय, सशाच्या रक्तातला द्रव घातलेल्या पोषक पाण्यात वाढवायचीही युक्ती सापडली. विस्कॉन्सिनमधल्या जेनोआ मत्स्यबीज केंद्रात आणखी एक पद्धत वापरतात. अळ्या चिकटवलेले मासे पिंजऱ्यात घालून पिंजरा नदीतच ठेवायचा, म्हणजे बाळं गळतील ती नदीच्या पाण्यातच. इंग्लंडमध्ये विंडरमियर तळ्याकाठी 2007 पासून अनेक नद्यांतले मोत्याचे शिंपले आणून त्यांचा वंश राखला जातोय.

पण टाकीत वाढवलेलं बाळ त्याच गढूळ नदीत सोडून उपयोग काय? याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर आयर्लंडमधलं आहे. तिथे 2018 मध्ये पश्चिमेकडच्या आठ नदीखोऱ्यांत शेतकऱ्यांसाठी एक योजना सुरू झाली. जमिनीच्या स्थितीला गुण द्यायचे. गवत, दलदल, झाडी चांगली राखली, चर बुजवून पाणी जमिनीत थांबू दिलं, गुरांना ओढ्यात उतरू दिलं नाही, की गुण जास्त आणि पैसेही जास्त. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून दंड करण्यापेक्षा स्वच्छ पाण्याला पीक मानून त्याचा मोबदला देणं मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं. नदीचं आरोग्य तिच्या काठच्या बांधावर ठरतं, हे आपल्याकडच्या पाणलोटात काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आपल्या नद्यांतही हे जीव आहेत. तळी, नद्या, कालवे यांत सापडणारा लॅमेलिडेन्स हा शिंपला आपल्याकडे मोत्यांच्या शेतीत वापरतात. पश्चिम घाटातून निघणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्यात आर्सिडॉप्सिस फूटी नावाची जात आहे. ती जगात दुसरीकडे कुठेच नाही आणि संकटग्रस्त यादीत आहे. कर्नाटकात तुंगा-भद्रेच्या बाजूला एक शिंपला खडकाला सिमेंट लावल्यासारखा कायमचा चिकटून जगतो. त्याचे नातलग आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहेत, भूखंड एकत्र होते त्या काळाची ती खूण. बेसुमार वाळूउपसा होतो तेव्हा बोटीच्या पंपातून वाळूबरोबर काय काय वर येतं, हे काठावर उभं राहून बघितलेल्यांना माहीत आहे.

अमेरिकेत शिंपले नदीत सोडतात तो दिवस बघण्यासारखा असतो. प्रत्येकाच्या कवचावर नखाहून लहान, नंबर लिहिलेली चकती चिकटवलेली. गुडघाभर पाण्यात उभं राहून माणसं एकेक शिंपला खडीत खोचतात, पाय खाली, तोंड वर. पुढच्या वर्षी परत येतात, तळावर लोखंडी चौकट ठेवून तेवढी खडी खणून चाळतात आणि नंबर वाचत जातात. नंबरवाले सापडले तर बरं वाटतं, ते जगले म्हणून. पण सगळ्यांचे डोळे चाळणीत दुसरंच काहीतरी शोधत असतात. चिंचोक्याएवढा एखादा शिंपला, ज्याच्या पाठीवर नंबरच नाही.